बिनक्लचची गाडी

९ सप्टेंबर, मंगळवार

नाई बाप्पा, क्लच नाई तिले. पहिल्यापासूनच नाई. पडला नाई, चोरीले गेला नाई, म्या इकून बी खाल्ला नाई.

हेच उत्तर आज म्या सात जनायले देलं. नाल्याच्या पुलाच्या चढावर गाडी उभी राह्यली. बंद पडली नोती. इंजन बोंबलून राह्यलं होतं, पन चाकं जाग्यावरच. मांगच्या हौद्यात झेंडूचे अठरा क्रेट. जो येईन तो खिडकीतून मुंडकं आत घाले, माह्या पायाखाली पाहे आन इचारे, "काकू, क्लच कुठी हाय?" एक जन तं सीटखाली हात घालून पाहून आला.

शेवटी माहे दीर गोवर्धन भाऊजी ट्रॅक्टर घेऊन आले. फुलं दुसऱ्याच्या गाडीनं अमरावतीले धाडली आन माही गाडी दोर बांधून साऱ्या गावातून ओढत आनली. मी स्टिअरिंगवर बसली होती. लोकं ओट्यावर येऊन पाहून राह्यले, तं म्या बी दोन्हीकडं हात हालवला, निवडून आल्यासारखा.

भाऊजी म्हने, "वहिनी, लाज नाई वाटत?"

म्हनलं, "लाज तुमाले वाटाले पाह्यजे. एवढी मोठी मिरवनूक आन बँड सांगितला नाई."

मंग हर्षाले फोन केला. हर्षा माही पोरगी, अकोल्याले देल्ली हाय. ती म्हने, "आई, रोज लिहून ठेव. कवा आवाज येते, कवा गिअर सुटते, समदं. मिस्त्रीले कामी पडते." म्हनून ही डायरी काढली. खतवाल्यानं जानेवारीत देल्ली होती, कोरीच पडली होती. सातवी पास झाल्यापासून एवढं कवा लिहिलं नाई. बोटं दुखून राह्यले.

११ सप्टेंबर, गुरुवार

मिस्त्रीले वाचाले द्याचं तं गाडीचं कूळ बी लिहून ठेवतो.

पवनचक्क्या उभारनाऱ्या एका कंपनीचे साहेब लोकं हिच्यात फिरत. काम सरलं आन कंपनीनं लिलावात काढली. आठ वर्षं झाले. आमच्या मालकाचा डावा गुडघा वाकत नोता, क्लचची गाडी त्यायले जमेच ना. ही पाह्यली आन डोये लकाकले त्यायचे. खाली दोनच पायडल. एक पळाचं, एक थांबाचं. डावा पाय लांब करून बसत, आन उजव्यानं सारी गाडी हाकत. गाव हासला, म्हने बिनक्लचची गाडी म्हनजे बिनशिंगाचा बैल. मालक म्हनत, "बिनशिंगाचा बरा, मालकिनीले मारनार नाई."

ते गेले त्याले दोन वर्षं झाले.

मले गाडी कोनी शिकवली नाई. सहा वर्षं शेजारी बसून पाह्यलं, तेच शिकनं. तेरवी झाली आन पंधराव्या दिवशी म्या चाबी फिरवली. सारा जन्म शिलाई मशीन चालवली, पायाले अक्कल हाय माह्या. तवापासून आठवड्यातून तीनदा अमरावतीच्या फूल बाजारात मीच जातो. भाव मीच सांगतो, शिव्या बी मीच देतो. मांगच्या साली एका दलालानं वजनात हात मारला तं म्या त्याले त्याच्याच काट्यावर बसवलं होतं.

गाडीच्या तक्रारी अशा: डी मंदी, म्हनजे पुढं जाच्या गिअरात, टाकली का चार-पाच सेकंद इचार करते, मंग निघते. चढावर रेस खाते, चाल देत नाई. ब्रेकचे लायनर सालात दोनदा बदलले, माल हलका येते आजकाल. मांगचा लाल दिवा दिवसा बी पेटलेला असते असं शेजारची बेबीताई म्हनते, वायरिंगचा घोळ असन.

आज अमरावतीहून मिस्त्री आला. बोनेट उघडलं, बंद केलं, हात पुसले. "गिअरबॉक्स गेला. नवा टाकनं म्हनजे दुसरी गाडी घेतल्यासारखं हाय. भंगारात द्या." एवढंच बोलाले शंभर किलोमीटर येनं-जानं केलं त्यानं.

भाऊजीले तेवढंच पाह्यजे होतं. "वहिनी, इकून टाका. फुलं मी नेत जाईन ना माह्या मालासंगं."

"आन मी?"

"तुमी घरी बसा आरामात."

"घरी बसाचा आराम तुमच्या बायकोले देल्ला का कवा?"

पन खरं बोलाचं तं त्यायचं बी चुकलं नाई. गाडी दोघा भावायनं मिळून घेतली होती, नुसती उभी ठेवून काय पूजा कराची? मंग ठरलं. दसऱ्यापरेंत गाडी पुलाचा चढ चढली तं राहीन. नाई तं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला.

एकवीस दिवस. सोप्पं नाई. दुसऱ्याच्या गाडीत फुलं धाडली का भाव बी दुसराच सांगते, आन मी घरी बसून फोनची वाट पाहू? मले नाई जमत ते.

१३ सप्टेंबर, शनिवार

बेबीताईनं परतवाड्याच्या डोमाजीचं नाव सांगितलं. कोळशाच्या खानीत तीस वर्षं डंपरवर होते. मोठ्या डंपरलेही क्लच नसते म्हने! म्हनजे माह्या गाडीचे भाऊबंद हायेत तं दुनियेत.

डोमाजीभाऊ एसटीनं आले. हातात छत्री, डोक्यावर टोपी, कमरेले पट्टा. पहिलेच सांगितलं, "बाई, माही कंबर गेली हाय. मी गाडीखाली घुसनार नाई. मी सांगीन, तुमी करा. जमत असन तं बोला."

म्हनलं, "तीस वर्षं मालकाचं ऐकलं, चार दिवस तुमचं."

"ऐकत होते का?"

"नाई."

हासले. मानूस चांगला हाय.

पहिले गिअरबॉक्सचं तेल पाहाले सांगितलं. मी पट्टी उपसाले गेली तं वरडले. "गाडी चालू करा! गरम होऊ द्या. चालू गाडीत पाहाचं असते हे." मायबाई. आमी तं सारे ट्रॅक्टरसारखं बंद गाडीत पाहत होतो. बंद गाडीत सारं तेल खालतं येते, पट्टी भरलेली दिसते, आन आपन खुश. म्हनजे दोन वर्षं ती पट्टी मले फसवून राह्यली होती.

दहा मिनिटं गाडी चालवली, सारे गिअर फिरवले, पी मंदी, म्हनजे उभं राहाच्या गिअरात, ठेवली, पट्टी उपसली. तेल पट्टीच्या टोकाले. आन रंग! हे तेल लाल असते म्हने, कुंकवासारखं. माह्या पट्टीवर जळलेला काकवीचा पाक. डोमाजीभाऊनं वास घेतला, दोन बोटायत चोळलं, आन इचारलं, "गाडी कोन चालवते?"

मी काई बोलाच्या आंदी तेच बोलले, "कोनी तरी ब्रेकवर पाय ठेवून रेस देते. डावा पाय ब्रेकवर, उजवा रेसवर. गाडी पळाले पाह्यते, ब्रेक धरून ठेवते. मंग आत तेल उकळते, जळते. खानीत नवा डायवर आला का हेच करे. आमी त्याचा डावा पाय दोरीनं सीटले बांधत होतो. हिच्यात डाव्या पायाले कामच नाई, बाई. तो फुकट बसाले ठेवला हाय."

भाऊजी बाजूलेच उभे होते. बेबीताई ओट्यावर.

म्या म्हनलं, "मे महिन्यात मी हर्षाकडं आठ दिवस होती. तवा भाऊजीनं चालवली."

भाऊजीनं आपल्या पायाकडं पाह्यलं. मंग माह्या पायाकडं पाह्यलं. मंग म्हने, "असन. ट्रॅक्टरची सवय. माहंच असन."

"दोनपाय्या!" म्या म्हनलं. बेबीताई अशी हासली का ओट्यावरून पडता पडता वाचली.

आज अखीन काई लिहाले नाई.

१४ सप्टेंबर, रविवार

डाव्या पायाची चप्पल पंजाखाली पार झिजली, आरपार दिसते. उजवी टकाटक हाय. मोच्याले म्हनलं एकाच चपलेचे पैसे घे. तो म्हने, "मावशे, एका पायानंच चालता का?"

त्याले काय करायचं हाय.

१७ सप्टेंबर, बुधवार

डोमाजीभाऊचं म्हननं असं: तेल जळलं पन गिअरबॉक्स मेला का नाई ते चेंबर खोलल्याबिगर समजत नाई. चेंबर म्हनजे खालची तेलाची परात. ते काढाचं, आतली जाळी बदलाची, नवं पॅकिंग लावाचं, नवं तेल भराचं. परातीत लोखंडाचे तुकडे निघाले तं गाडी भंगारात. नुसती बारीक भुकटी निघाली तं वाचली.

सामान इकडं भेटत नाई. हर्षानं अकोल्याले दुकानं शोधून ठेवली, आन आनाले भाऊजी गेले. म्या जा म्हनून सांगितलं नोतं. सकाळच्या एसटीनं गेले, अकोटवरून, सांजीले आले. मांडीवर तेलाचे दोन डबे, तान्ह्या लेकरावानी धरलेले. पहिल्या दुकानदारानं दुसरंच तेल देलं, म्हने सारं लालच असते. यायनं घेतलं नाई. पट्टीवरचा नंबर कागदावर लिहून नेला होता, तिसऱ्या दुकानात तोच नंबर भेटला.

माह्या गाडीसाठी हा मानूस एवढा कवापासून पळाले लागला? पश्चात्ताप भल्ली चांगली चीज हाय. मानसाले लावाले पाह्यजे अधूनमधून.

पन एक झालं. बेबीताईच्या तोंडून "दोनपाय्या" साऱ्या गावात गेलं. आज एसटीतून उतरले तं पानठेल्यावरून कोनी तरी आवाज देल्ला, "दोनपाय्या आले!" भाऊजी हासले. मी बी हासली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज केलं! माह्या हातानं केलं! हातभर लिहिनार हाय, बोटं मोडले तरी.

सपाट जाग्यावर गाडी घेतली. चाकायले दगडं लावले. जॅकवर उचलली आन खाली लाकडाचे जाड ठोकळे ठेवले. डोमाजीभाऊ म्हने, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जो घुसते, त्याची तेरवी लवकर येते. तेरव्या लय झाल्या म्हनलं, ठोकळे अखीन दोन लावा.

डोमाजीभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीवर, वर छत्री, हातात चहा. राजाच. मी पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली. लुगडं खोचलेलं, वरून मालकाचा जुना शर्ट. भाऊजी पाने द्याले.

चेंबरले चौदा बोल्ट. सारे एकदम काढाचे नाई. एका बाजूचे ढिले कराचे, एका कोपऱ्याचे काढाचे, मंग परात आपोआप झुकते आन तेल त्या कोपऱ्यातून घमेल्यात उतरते. सांगाले सोप्पं. माही परात चिकटली होती. म्या खालून हातोडीच्या दांड्यानं हानली एक, तं ती एकदम सुटली. आंघोळ झाली माही. कोपरापासून कानापरेंत काकवी.

"बाई, म्या हानाले सांगितलं नोतं," खुर्चीवरून आवाज.

"तुमी उशिरा सांगता भाऊ!"

भाऊजी हासू दाबून राह्यले होते. म्या तेलाचा हात त्यायच्या धोतराले पुसला. हिशेब बरोबर.

परात खाली आली. जीव मुठीत धरून पाह्यलं. आत एक लोहचुंबक असते. त्याच्यावर बारीक काळा लेप बसला होता, उगाळलेल्या गंधासारखा. डोमाजीभाऊनं बोट फिरवलं, उन्हात धरलं. मी त्यायच्या तोंडाकडं पाहून राह्यली. डाक्टरकडं पाहतात तसं.

"तुकडा नाई," ते म्हने. "झीज हाय. जगते."

म्या त्या लोहचुंबकाचा मुका घेनार होती. तेलाचा होता म्हनून राह्यलं.

मंग परात घासलेटनं धुतली. पुसाले म्या सवयीनं कापसाचा बोळा घेतला तं डोमाजीभाऊ खुर्चीवरून उठले, कंबर गेलेला मानूस! "कापूस नाई! चिंधी नाई! एक तंतू आत राह्यला तं बारीक नळीत जाऊन बसते." घ्या. साऱ्या वऱ्हाडात घरोघरी कापूस, आन या बाईले कापूस चालत नाई. मंग माही नायलॉनची जुनी साडी फाडली. गुलाबी, मोठ्या फुलायची. मालकानं घेतली होती, मले कवा आवडली नाई. पन आज तिनं परात आरशावानी केली. जाळी बदलली, पॅकिंग बसवलं, बोल्ट पहिले सारे बोटानं, मंग पान्यानं आडवे-तिडवे.

निघालेलं तेल दुधाच्या मापानं मोजलं. तेवढंच नवं भरलं, वरतून, नरसाळ्यानं, पट्टीच्याच नळीतून. काय रंग हो तेलाचा! खरंच कुंकू. बेबीताई म्हने, "पार्बते, तुह्या कपाळाचं गेलं, गाडीच्या पोटात आलं." दुसरं कोनी बोललं असतं तं थापड भेटली असती. बेबीताईले सोडून देलं. तिले बी मालक नाई.

गाडी चालू केली. ब्रेक दाबून एकेका गिअरवर थोडं थोडं थांबली, चालू गाडीतच पट्टी पाह्यली आन कमी होतं तेवढं तेल अखीन टाकलं. डी मंदी टाकली. एक सेकंद बी नाई, झटकन पकडलं तिनं! मले तं रडू आलं. तेल डोयात गेलं असन.

२० सप्टेंबर, शनिवार

टपकून राह्यलं. गाडीखाली स्टीलचं ताट ठेवलं, सकाळी त्याच्यात रुपयाएवढं लाल तळं.

डोमाजीभाऊले फोन केला. म्हने, "बोल्ट कोनाच्या रागानं आवळले?"

एका कोपऱ्यात म्या जोर लावला होता. पॅकिंग दाबून बाहेर आलं. तवा भाऊजीबद्दल इचार करून राह्यली होती, ते नाई सांगितलं त्यायले.

२१ सप्टेंबर, रविवार

सारे बोल्ट ढिले केले, नवं पॅकिंग. हर्षानं शहानपना करून भाऊजीले जास्तीचे दोन घ्याले लावले होते. या डाव तीन बोटानं पाना धरला. जोर नाई, सारखेपना. ताट कोरडं.

सांजीले भाऊजीच्या घरी गेली, खुशखबर सांगाले. ते ओट्यावर गपचाप बसले होते. त्यायची बायको शालू म्हने, पलीकडच्या गावच्या मानसानं नांगरटीचं काम दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याले देल्लं. म्हने, "गाड्या जाळनाऱ्याले वावर देत नाई."

शालू मले म्हनली, "जिजी, तुमी मस्करी करता, पन लोकं खरं धरतात."

म्या म्हनलं, लोकायले कामधंदा नाई. चहा न घेताच आली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. डोकं दुखते. काई लिहाचं नाई.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी एकटीच वावराच्या रस्त्यानं गाडी फिरवली. डाव्या पायात कळ होती म्हनून तो सीटवर मांडी घालून ठेवला. एका मांडीवर बसून गाडी चालवनं अवघड हाय. पाय आपोआप खालतं जाते. मंग दुपट्ट्यानं बांधला.

कळ होती म्हनून. डायरीले जास्त चौकशा लागत नाई.

चार चकरा मारल्या. गाडी लोन्यावानी चालते. म्हनजे अशी चालत होती ती मालकाच्या हातात. म्या विसरूनच गेली होती का ती आवाज न करता बी चालते.

२७ सप्टेंबर, शनिवार

तेल अखीन एकदा बदललं. परात काढली का अर्धंच तेल निघते म्हने, अर्धं आत चक्रात लपून बसते. म्हनून थोडी चालवाची आन परत बदलाचं. या डाव मले कोनी काई सांगितलं नाई, डोमाजीभाऊ नुसते छत्रीखाली डुलक्या घेत होते. दीड तासात काम झालं. भाऊजीनं सारे पाने न मांगता हातात देल्ले.

म्या म्हनलं, "दोनपा–" आन थांबली. त्यायनं ऐकलं नाई असं दाखवलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

दसऱ्याचा बाजार. क्रेट तीस, झेंडू पिवळा आन केसरी. पहाटे निघालो. भाऊजी म्हने मी येतो संगं, पुलावर गाडी अडली तं कोनी पाह्यजे ना ढकलाले. शेजारी बसले, मालक असत तवा मी बसत होती त्या जागी.

निघताना बेबीताई मांगून वरडली, "पार्बते, तुह्या गाडीचा लाल दिवा इझला वं! वायर केली का दुरुस्त?"

"केली!" म्या म्हनलं.

भाऊजी खिडकीतून बाहेर पाहून राह्यले होते.

पूल आला. माहा डावा पाय सीटवर, पदराखाली. चढावर उजवा हळूच दाबला. इंजननं जरा आवाज बदलला आन गाडी वर. तीस क्रेट घेऊन, म्हशीनं नाला ओलांडावा तशी, सावकाश, कोनाचं न ऐकता. वर पोचल्यावर म्या हॉर्न वाजवला. उगाच. लांब.

भाऊजी म्हने, "राह्यली मंग गाडी."

"राह्यली."

चढ उतरून गाडी सपाट रस्त्याले लागली. मंग एकदम इचारलं त्यायनं, "वहिनी, दादा कसे चालवत होते, ध्यानात हाय?"

"एका पायानं."

"हं," एवढंच म्हने. माह्या मांडीकडं पाह्यलं आन परत खिडकीबाहेर. काय पाहाचं असते त्यायले खिडकीबाहेर, कोन जाने. सारी तूरच तूर.

बाजारात भाव भेटला. म्या दोन दलालायले भांडवलं एकमेकायसंगं आन तिसऱ्याले माल देल्ला. झकास दिवस. पन हमालायपैकी एक आमच्या गावचा. तो भाऊजीले पाहून वरडला, "या दोनपाय्या! आज ब्रेक घरी ठेवून आले का?" चार लोकं हासले. ज्यायले काई माहीत नाई ते बी हासले. भाऊजी बी हासले, पन क्रेट उचलताना त्यायची मान लाल झाली होती.

म्या त्या हमालाले शिवी देल्ली. तो म्हने, "काकू, नाव तं तुमीच ठेवलं."

जेवन गेलं नाई आज.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी गाडी धुतली. हळदीकुंकू भाऊजीच्या बायकोनं लावलं, हार म्या घातला, आपल्याच झेंडूचा. पाने, जॅक, दुधाचं माप, सारे पाटावर मांडले. नारळ डोमाजीभाऊनं फोडला, बसल्या बसल्या. हर्षा अकोल्याहून आली. बेबीताई होती. गल्लीतले दहा-पंधरा लोकं होते, पेढे होते म्हनून.

मंग भाऊजी आले आपट्याची पानं घेऊन. नवं धोतर, टोपी. पानं माह्या हातात देल्ली, वाकले, पायाले हात लावला. दर साली लावतात. या डाव उठले नाई लवकर. तसंच वाकून, साऱ्यायसमोर, मोठ्यानं म्हने, "वहिनी, सोनं घ्या. आन माफ करा. दादाची गाडी माह्या पायानं जळत होती, तुमी वाचवली. आजपासून मी तिच्या स्टिअरिंगवर बसनार नाई." आन आपल्या जवळची चाबी काढून माह्या हातात ठेवली, पानायवर.

लोकं हासाले तयार होते. मांगून कोनी तरी "दोन–" म्हनलं बी.

माह्याजवळ बोलाले लय होतं. वीस दिवसायची मस्करी तोंडात तयार होती. म्या खाली पाह्यलं. त्यायचा हात माह्या डाव्या पायावर होता. उजव्यावर नाई. नुसता डाव्यावर.

तवा समजलं. त्यायले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माही झिजलेली डावी चप्पल पाह्यली होती त्यायनं.

म्या चाबी परत त्यायच्या हातात देल्ली आन म्हनलं, हर्षाले ऐकू जाईन, बेबीताईले ऐकू जाईन, पानठेल्यापरेंत जाईन एवढ्या मोठ्यानं:

"भाऊजी, उठा. तुमी नाई जाळली. म्या जाळली. दोन वर्षं ब्रेकवर माहा डावा पाय होता. मले वाटे, तुमचे दादा लंगडे होते म्हनून एका पायानं चालवत होते."